परत येण्याचा पुरावा

व्हिसाच्या अर्जदाराला परदेशी दूतावासाकडून जी पुरवणी कागदपत्रांची मागणी येते, तिची चर्चा लोकलच्या चौथ्या सीटवर, प्रवासी कंपन्यांच्या काउंटरवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर विपुल झालेली असली, तरी तिच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याचा प्रयत्न मराठीत फारसा झालेला नाही. व्हिसा म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशाच्या नागरिकाला ठरावीक काळापुरती दिलेली प्रवेशाची मुभा, आणि पुरवणी मागणी म्हणजे ती मुभा देण्यापूर्वी, अर्जासोबत आलेले सत्तर-ऐंशी कागद वाचून (किंवा न वाचता, याबाबत जाणकारांत एकमत नाही) अधिकाऱ्याने मागितलेले आणखी काही कागद. ही मागणी बहुधा चार ओळींच्या ई-मेलने येते, तिच्याखाली कोणा माणसाचे नाव नसते, उत्तराला मुदत असते, आणि ती शुक्रवारी संध्याकाळी पोचण्याची प्रथा असल्यामुळे बँक, नोटरी आणि चार्टर्ड अकाउंटंट या तिन्ही संस्थांचा सोमवारपर्यंत काही उपयोग नसतो. विधिमंडळात हजारो कोटींच्या पुरवणी मागण्या गोंधळातही मंजूर होतात. दूतावासाच्या पुरवणी मागणीला मात्र साडेतीनशे रुपयांच्या एका नोंदीचाही खुलासा द्यावा लागतो, आणि गोंधळ सगळा अर्जदाराच्या घरी होतो.

परिभाषेचा एक मुद्दा येथेच निकालात काढलेला बरा. लोकव्यवहारात सरसकट ‘एम्बसीने कागद मागितले’ असे म्हटले जात असले, तरी दूतावास राजधानीत, म्हणजे नवी दिल्लीत असतात, मुंबईत असतात ते वाणिज्य दूतावास, आणि अर्जदाराची प्रत्यक्ष गाठ पडते ती यांपैकी कोणाशीच नव्हे, तर कागद गोळा करणाऱ्या मध्यस्थ केंद्राशी. सरकारांनी हे काम बाहेरच्या कंपनीला देण्याचा व्यवसाय २००१ साली मुंबईतच उभा राहिला आणि तेथून जगभर पसरला, ही गोष्ट अभिमानाची मानावी की कशी, हे ज्याने त्याने आपल्या फाइलच्या जाडीवरून ठरवावे.

अभ्यासक्षेत्र म्हणून येथे शीळफाटा निवडला आहे, आणि ही निवड सोयीपेक्षा गुणवत्तेवर झालेली आहे. कल्याणहून येणारा रस्ता, मुंब्रा बायपास, महाप्याकडून डोंगर ओलांडून येणारा रस्ता आणि पनवेलकडचा जुना महामार्ग हे सगळे जेथे एकमेकांना अडवतात, त्या ठिकाणाला शीळफाटा म्हणतात. उरणच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, पलाव्याच्या टॉवरांतून ऐरोलीच्या आयटी कंपन्यांकडे निघालेले संगणक अभियंते, आणि शीळ, डायघर, देसई, खिडकाळी या जुन्या गावांतली मंडळी एकाच सिग्नलला एकाच वेळी थांबलेली पाहायची असतील, तर यासारखी दुसरी जागा ठाणे जिल्ह्यात नाही. इथल्या प्रत्येक इमारतीत आता निदान एका घरातले मूल म्युनिक, टोरंटो किंवा डॅलस येथे असते, आणि म्हणून प्रत्येक इमारतीत निदान एक जोडपे दर वर्षी कागद गोळा करत असते.

या जोडप्यांची पहिली अडचण म्हणजे ती नेमकी कुठे राहतात हे सिद्ध करणे. शीळ, डायघर, देसई ही गावे ठाणे महानगरपालिकेत मोडतात. तेथून कल्याणच्या दिशेने थोडे पुढे गेले की निळजे आणि काटई ही गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत येतात, पण तीही अखंडपणे नव्हे, कारण ज्या २७ गावांत त्यांचा समावेश होतो ती गावे २००२ मध्ये पालिकेतून बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. आणि दुसऱ्या बाजूची १४ गावे एकदा नवी मुंबईतून वगळली जाऊन पुन्हा नवी मुंबईच्याच वाटेला लागली. विजेचे बिल शीळमध्ये टोरेंट कंपनीचे येते, कारण २०२० च्या मार्चपासून शीळ, मुंब्रा आणि कळवा येथले वीजवितरण तिच्याकडे आहे, तर चार किलोमीटरवर ते महावितरणचे येते. पिनकोड मुंब्र्याच्या बाजूला ४०० ने सुरू होतो आणि डोंबिवलीच्या बाजूला ४२१ ने. परिणामी एकाच घरात पन्नास वर्षे राहिलेल्या सरळमार्गी गृहस्थाच्या आधारवर ‘डोंबिवली पूर्व’, पासपोर्टवर ‘ठाणे’, बँकेत ‘मुक्काम पोस्ट अमुक, तालुका कल्याण’ आणि मतदार ओळखपत्रावर जिल्ह्याखेरीज काहीच नाही असे आढळते. दूतावासातल्या अधिकाऱ्याला यातून एक फिरस्ता मनुष्य दिसतो, जो दर काही वर्षांनी गाव बदलतो. वस्तुतः गृहस्थ जागचा हललेला नसून हद्द त्याच्या अंगावरून पुढे-मागे गेलेली असते. तुलनेसाठी सांगायचे तर शेंगेन व्हिसा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते लक्झेंबर्गमधले मोझेल नदीकाठचे गाव. तेथे १४ जून १९८५ रोजी एका नौकेवर बसून पाच देशांनी आपापसातले नाके उठवण्याचा करार केला. शीळफाट्यावर तीन महानगरपालिका असूनही अशी नौका अद्याप आलेली नाही, जरी पावसाळ्यात तिच्यापुरते पाणी रस्त्यावर असते.

पत्त्याचा घोळ निस्तरला तरी मागणीचे मूळ तेथे नसते. पुरवणी मागणीच्या सर्व शब्दांमागे एकच प्रश्न उभा असतो, आणि तो असा की हा मनुष्य परत येईल कशावरून? अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातील कलम २१४(बी) हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारते: पर्यटक म्हणून अर्ज करणारा प्रत्येक जण मुळात तेथे कायमचा राहायलाच निघाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. त्याच कायद्याचे २२१(जी) हे कलम म्हणजे पुरवणी मागणीचे अमेरिकी रूप; अधिकारी खिडकीतून एक चिठ्ठी सरकवतो, तिच्यातले कागद वर्षभराच्या आत दिले तर नवे शुल्क न भरता अर्ज पुन्हा तपासला जातो, आणि तोवर अर्जदार कायद्याच्या भाषेत नाकारलेला आणि नातेवाइकांच्या भाषेत ‘अडकलेला’ असतो. युरोपीय व्हिसा संहिता २००९ ची आणि अधिक सभ्य आहे. तिच्या परिशिष्टात परतण्याचा हेतू जोखण्यासाठी कोणते कागद पाहावेत याची यादीच दिली आहे: परतीच्या तिकिटाचे आरक्षण, मायदेशातील उत्पन्नाचा पुरावा, नोकरीचा पुरावा, स्थावर मालमत्तेचा पुरावा, आणि शेवटी, आपण राहतो त्या समाजात आपण रुजलेलो आहोत याचा पुरावा. हा शेवटचा पुरावा शीळफाट्यावर कोणते कार्यालय देते, याचा शोध या लेखाच्या निमित्ताने घेण्यात आला. असे कार्यालय नाही.

उत्पन्नाच्या पुराव्याकडे अधिकाऱ्याचे लक्ष सर्वांत आधी जाते. सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट पूर्वी तीन-चार पानांत मावत असे, कारण मराठी मध्यमवर्ग बँकेत पैसे ठेवण्यासाठी जाई, काढण्यासाठी नव्हे. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि दहा रुपयांचा कटिंग चहाही खात्यातून जाऊ लागला, त्यामुळे आता तेच स्टेटमेंट साठ-सत्तर पानांचे होते आणि त्यात अर्जदाराची दिनचर्या मिनिटांसह नोंदलेली असते: सकाळी रिक्षा, मग वडापाव, दुपारी झेरॉक्स (बहुधा याच व्हिसाची), संध्याकाळी भाजी, आणि मंगळवारी नारळ. कोणत्याही चरित्रकाराला मिळू नये एवढी ही सामग्री वाचून अधिकारी चहाबद्दल काहीच विचारत नाही. तो बोट ठेवतो ते मार्च महिन्यात एकरकमी आलेल्या दीड लाखावर. ही रक्कम भिशीची असते. भिशी म्हणजे ठरावीक माणसांनी दरमहा सारखी वर्गणी जमवून ती पाळीपाळीने एकेकाने उचलण्याची पद्धत, आणि तिचे सारे मोठेपण असे की तिच्यात कागद नसतो; कागद मागणे हाच तेथे अविश्वासाचा पुरावा मानला जातो. आता ‘रकमेच्या उगमाचा खुलासा’ मागितला गेल्यावर त्या गृहस्थाने भिशी चालवणाऱ्या वहिनींकडून लेटरहेडवर पत्र आणायचे असते. वहिनींचे लेटरहेड नसते. शेवटी वहिनी वहीतले एक पान फाडून त्यावर सही करतात, नोटरी त्यावर शिक्का मारतो, आणि त्या पानाच्या पाठीमागे निघालेला इडलीच्या ऑर्डरींचा हिशेब स्कॅनमध्ये आरपार दिसतो.

येथे शास्त्राने एक पेच मान्य केला पाहिजे. खात्यात शिल्लक कमी असेल तर जाण्याची ऐपत नाही असा अर्थ निघतो, फार असेल तर ती कोठून आली असा प्रश्न निघतो, आणि बेताची असेल तर मुलगा किंवा मुलगी खर्च करणार असल्याचे पत्र लागते, जे जोडल्यावर मुलगाच सारे करणार असेल तर हे परत का येतील, अशी शंका निघते. जर्मनीला या शंकेवर कायदेशीर इलाज सापडलेला आहे. तेथील निवास कायद्याच्या कलम ६८ नुसार यजमानाने स्थानिक परकीय नागरिक कार्यालयात जाऊन पाहुण्यांच्या सर्व खर्चाची लेखी हमी द्यायची असते, आणि त्या हमीपत्राला ‘फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग’ असे म्हणतात. निळज्याच्या निवृत्त शिक्षकाला हे नाव पाठ होईपर्यंत हमीपत्राची मुदत संपत आल्याची उदाहरणे ऐकिवात आहेत, पण आई-बापाच्या जेवणाखाण्याची हमी पोराने सरकारी कचेरीत जाऊन सहीनिशी दिली, या घटनेने त्यांना जी धन्यता वाटते ती नावाच्या लांबीने कमी होत नाही. काही पालकांनी त्या कागदाची एक जादा प्रत काढून घेतली आहे, मुलगा भारतात परतल्यावर उपयोगी पडेल म्हणून.

स्थावर मालमत्तेच्या बाबतीत शीळफाटा परिसराचे दोन थर पाडावे लागतात. जुन्या गावांतल्या आगरी कुटुंबांकडे सातबारा असतो, म्हणजे जमिनीचा मालक, क्षेत्र, पीक आणि तिच्यावरील इतर हक्क एकत्र दाखवणारा महसुली उतारा. या उताऱ्यावर अर्जदाराचे नाव असते यात वाद नाही. वाद एवढाच की त्याच्या जोडीला आजोबांपासूनचे सगळे वारस, तीन काक्या, हक्कसोडपत्र न केलेल्या पाच आत्या, आणि जिच्याशी गेली वीस वर्षे बोलणे नाही अशी एक चुलत शाखा असते, आणि एकूण सामाईक क्षेत्रातून रस्त्याचे संपादन वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला काय येते हे तलाठीही सांगू शकत नाही. नव्या टॉवरांतल्या रहिवाशाकडे सातबारा नसतो. त्याच्याकडे सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट असायला हवे, पण सोसायटीच स्थापन झालेली नसते, म्हणून तो दुय्यम निबंधकाकडील ‘इंडेक्स टू’ जोडतो, म्हणजे खरेदीखताच्या नोंदणीचा गोषवारा, ज्यावर खरेदीदार म्हणून त्याचे नाव असते, आणि घरावर बँकेचा बोजा असतो. बारकाईने पाहिले तर परत येण्याचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही. वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर असलेला मनुष्य फार दूर जाऊ शकत नाही, आणि गेला तरी जामीनदार असलेला मेव्हणा त्याला शोधून आणतो. परंतु दूतावासांच्या हिशेबात कर्ज ही जबाबदारी धरली जाते, बंध नव्हे.

नातेसंबंधांचे कागद हा याहूनही नाजूक विषय आहे. ज्यांची लग्ने १९८० च्या आसपास झाली त्यांतल्या बहुतेकांनी लग्नाची नोंदणी केलेली नसते, कारण चारशे माणसे जेवून गेल्यावर आणखी पुरावा कशाला, अशी त्या काळची समजूत होती. आता मुलीकडे जाण्यासाठी विवाह प्रमाणपत्र लागते, आणि महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ते मिळवण्यासाठी तीन साक्षीदार, लग्नाची पत्रिका आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताचा तपशील द्यावा लागतो. पत्रिका पेटीच्या तळाशी सापडते, साक्षीदार म्हणून व्याही येतात (ते त्या लग्नाला नव्हते, पण जेवण कसे झाले ते सांगतात), आणि पुरोहित, ज्या प्रदेशात जाणाऱ्याकडे परतीचे तिकीट मागत नाहीत, तेथे केव्हाच गेलेले असतात. मग त्यांच्याऐवजी प्रतिज्ञापत्र करावे लागते. मुद्रांकाचा दरही राज्य शासनाने २०२४ च्या ऑक्टोबरात १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर नेल्यामुळे प्रत्येक नव्या शंकेची किंमत पाचपट झालेली आहे. त्यात भर म्हणजे नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचे नवे नाव लिहिण्याची पद्धत. त्या तांदळाची प्रमाणित प्रत कोणी ठेवलेली नसल्यामुळे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि पासपोर्टवरची बाई एकच आहेत, असे आता साठाव्या वर्षी तिला शपथेवर सांगावे लागते.

याच परिसराच्या इतिहासात या दृष्टीने एक प्रकरण आहे, ज्याच्याकडे व्हिसाशास्त्राने पुरेसे लक्ष दिलेले नाही. शीळफाट्याहून निघालेला रस्ता ज्या कल्याणला जातो, तेथे ३१ मार्च १८६५ रोजी यमुना नावाची मुलगी जन्मली, नवव्या वर्षी तिचे लग्न टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकी मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तेथल्या एका नियतकालिकात छापला गेला, आणि तो अंक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या हाती १८८० मध्ये दंतवैद्याच्या दवाखान्यात पडला. त्यांनी पत्र लिहिले, मैत्री जमली, आणि ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. त्या वेळी व्हिसा नव्हता, ही वैद्यकशास्त्रावर झालेली मोठी कृपा म्हणावी लागेल. आजच्या अधिकाऱ्यासमोर हा अर्ज ठेवला तर वय १८, पती सोबत नाही, निधीचा स्रोत दागिन्यांची विक्री, नावात बदल, इंग्रजी आडनावाच्या शेवटी दोन ‘ई’, यजमानाशी नाते काहीही नाही, प्रत्यक्ष भेट एकदाही नाही, आणि ओळख कशी झाली या रकान्यात ‘दातदुखी’. पुरवणी मागणीचा ई-मेल तासाभरात निघाला असता.

अर्थात कागद मागितले गेलेच नाहीत असे नव्हे. ते परदेशी सरकारने न मागता स्वदेशी समाजाने मागितले. अमेरिकेलाच का, येथे शिक्षणाची सोय नाही का, एकटी कशी जाणार, परतल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, संकट आले तर काय, आणि कोणत्याही बाईने जे केले नाही ते हिलाच का करायचे आहे, अशा प्रश्नांना आनंदीबाईंनी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या महाविद्यालयात (हे श्रीरामपूर बंगालातले, अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे) जाहीर भाषणातून एकेक करून उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, असे त्यात ठामपणे सांगितले. आज ज्याला कव्हर लेटर म्हणतात, म्हणजे अर्जामागचा हेतू आणि परतण्याची खात्री सांगणारे पत्र, त्याचा इतका नेटका नमुना क्वचितच सापडेल: जो प्रश्न विचारला त्यालाच उत्तर आहे, क्रम प्रश्नकर्त्याचा आहे, आणि गयावया कुठेही नाही. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेऊन, कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयातली नेमणूक हाती असताना त्या परत आल्या. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक आहे. परतण्याच्या हेतूविषयीच्या कोणत्याही नमुना-अर्जात या प्रवासासाठी रकाना नाही.

लोकमान्य टिळकांचे प्रकरण उलट टोकाचे, आणि थोडक्यात सांगण्यासारखे. १९१८ च्या वसंतात होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन ते इंग्लंडला निघाले, पासपोर्ट हातात होते, कोलंबोपर्यंत पोचलेही, आणि तेथे ब्रिटिश सरकारने पासपोर्ट रद्द केल्याचे कळले. सहाएक महिन्यांनी ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी त्यांना जाऊ दिले. टिळक परत येतील याविषयी सरकारला तिळमात्र शंका नव्हती. सरकारची अडचण तीच होती.

या दोन्ही उदाहरणांच्या उजेडात पाहता शीळफाट्याचा रहिवासी परतीच्या बाबतीत जगातला सर्वाधिक विश्वासार्ह मनुष्य ठरायला हवा. जो रोज सकाळी बेलापूरला किंवा अंधेरीला जातो आणि संध्याकाळी कल्याणफाट्यापासून काटईपर्यंत कंटेनरांच्या मधून, मेट्रो १२ च्या खांबांच्या कडेकडेने, घरी येतो, त्याने परत येण्याचा निर्धार वर्षातून तीनशे वेळा सिद्ध केलेला असतो, आणि तोही अशा परिस्थितीत जिथे परत न येण्याला सबळ कारण होते. म्युनिकहून परत येणे त्या मानाने काहीच नाही. तेथून विमान असते. दुर्दैवाने या निर्धाराची नोंद कोणत्याही छापील कागदावर होत नाही. लोकलचा त्रैमासिक पास हा एक उपयोगी पुरावा ठरू शकेल, कारण दिवा किंवा डोंबिवलीचा कोणताही मनुष्य महिनाभर शिल्लक असलेला पास टाकून परदेशी स्थायिक झाल्याचे ऐकिवात नाही. त्याहून बळकट कागद म्हणजे गणपतीसाठी काढलेले कोकण रेल्वेचे कन्फर्म तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवसांवर आल्याने ते मिळवणे शेंगेन व्हिसापेक्षा अवघड झालेले आहे, आणि ज्याला ते मिळाले तो चतुर्थीच्या आदल्या दिवशी पृथ्वीच्या पाठीवर कोठेही असला तरी दिव्याच्या फलाटावर हजर होतो, ही गोष्ट दूतावासांच्या ध्यानात आणून देण्याची जबाबदारी मराठी समाजाने आजवर टाळलेली आहे.

बदलत्या काळाची एक खूण मात्र याच फाट्याखालून जाते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून ठाण्याच्या खाडीखालून सात किलोमीटर जातो आणि शीळफाट्याला जमिनीवर येतो. त्यातला घणसोली ते शीळफाटा हा ४.८८ किलोमीटरचा भाग २०२५ च्या सप्टेंबरात आरपार झाला. म्हणजे बोगद्याचे एक तोंड या रहिवाशांच्या दारात आणि दुसरे त्या संकुलात, जेथे अमेरिकेचा वाणिज्य दूतावास २०११ पासून आहे, ज्याच्या दारात ते पहाटे चार वाजता घर सोडून पोचतात. गाडी मात्र थांबणार शेजारच्या म्हातार्डीला. या प्रकल्पासाठी जपानने भारताला ०.१ टक्का व्याजाने, पन्नास वर्षांच्या मुदतीचे आणि पहिली पंधरा वर्षे हप्त्याविना कर्ज देऊ केले, आणि त्याच जपानला चेरीचा बहर पाहायला निघालेल्या पलाव्यातल्या कुटुंबाकडे बँकेचे स्टेटमेंट आणि आयटीआर, म्हणजे प्राप्तिकराचे विवरणपत्र, लागते. राष्ट्राराष्ट्रांतला विश्वास आणि माणसामाणसांतला विश्वास यांची खाती वेगवेगळ्या शाखांत असतात, एवढाच याचा अर्थ घ्यावा.

उत्तर पाठवण्याच्या तंत्राविषयी अनुभवी मंडळींचे म्हणणे एका बाबतीत जुळते, आणि ते नोंदवण्याजोगे आहे. दोन कागद मागितले असता घाबरून एकेचाळीस पाठवणे, त्यात दहावीची गुणपत्रिका, रक्तदानाचे प्रशस्तिपत्र आणि माजी नगरसेवकाचे ‘सदर इसम माझ्या परिचयाचा असून’ असे सुरू होणारे पत्र घालणे, हा शीळफाट्यावरचा सर्वांत सामान्य दोष आहे. त्याने अधिकाऱ्याला नवे प्रश्न सुचतात. जेवढे मागितले तेवढेच, मागितले त्याच क्रमाने, मुदतीच्या आत, एका पीडीएफमध्ये आणि अर्ज क्रमांकासह पाठवावे. पत्ते वेगवेगळे असतील तर तीन ओळींत महानगरपालिकांचा इतिहास सांगावा, तीस ओळींत नव्हे. आणि बँकेचा शिक्का घेताना तारीख वाचता येते ना हे खिडकीवरच पाहावे, कारण तो मारणारे साहेब एकदा जेवायला गेले की त्यांच्या परतण्याची खात्री संहितेतही दिलेली नाही. उत्तर पोचल्यावर युरोपीय देशांना निर्णयासाठी एरवी पंधरा आणि चौकशी लागल्यास पंचेचाळीस दिवसांची मुभा आहे, त्या काळात केंद्रात रोज फोन करून काही होत नाही. ११ जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आहे, आणि अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाही.